सूचकाची सही

आम्ही कोणत्याही पक्षाचे नाहीं. घरांत मात्र राजकारण नित्य चालतें. आमचे वडील बंधु एका बाजूचे, पुतण्या दुसऱ्या बाजूचा, आणि रात्रीच्या पंगतीस दोघांनाही आमटी एकाच पातेल्यांतून वाढली जाते, एवढेंच काय तें ऐक्य! आम्हीं छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. शिक्षकानें वर्गांत पक्ष आणूं नये हा नियम आम्हीं घरींही पाळला. प्रत्येक निवडणुकींत मत दिलें, पण कोणास दिलें हें सौभाग्यवतींसही कधीं कळूं दिलें नाहीं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानेंही मतदाराच्या या मौनाचें रक्षण केलें आहे.

एप्रिल २०२४ मध्यें हें मौन अडचणींत आलें. पाटबंधारे खात्यांतून निवृत्त झालेले एक अभियंते लोकसभेस अपक्ष उभे राहण्याचें ठरवून आमच्याकडे आले. गृहस्थ परिचयाचे, पण स्नेही म्हणण्याइतके जवळचे नव्हेत. त्यांना आमचें मत नको होतें, सही हवी होती.

येथें थोडा खुलासा केला पाहिजे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास अर्जावर एक सूचक पुरतो. अपक्षास त्याच मतदारसंघांतले दहा मतदार लागतात. ही अट १९९६ सालची. त्या वर्षींच्या लोकसभेच्या निवडणुकींत देशभर १३,९५२ उमेदवार उभे होते, एकट्या नलगोंड्यास ४८०! अनामत अवघी ५०० रुपये असल्यावर दुसरें काय होणार? पुढें ती १०,००० व त्यानंतर २५,००० झाली, आणि दहा सूचक आले. अट रास्तच आहे. परंतु तिच्यामुळें मत गुप्त राहिलें तरी सूचक उघडा पडतो. त्याचें नांव व मतदारयादींतला क्रमांक कचेरीच्या फलकावर लागतो, आणि फलक वाचणारे लोक गांवांत कमी नसतात.

आम्हीं त्यांच्याकडे प्रतिज्ञापत्राची प्रत मागितली. मालमत्ता, कर्ज, शिक्षण व खटले यांची माहिती आतां शपथेवर द्यावी लागते, ही त्यांतल्या त्यांत मोठी सोय. एक घर, एक जुनी मोटार, निवृत्तिवेतन. खटला एकही नाहीं. मग तीन दिवस संध्याकाळीं त्यांना पाण्याविषयीं विचारलें. कालव्याच्या शेवटच्या टोकाशीं पाणी कां पोहोंचत नाहीं हें त्यांनीं एखाद्या चांगल्या मास्तराप्रमाणें समजावून दिलें. वरच्या अंगास ऊस, चाऱ्यांचीं दारें मोडलेलीं, आणि पाणी मोजण्याची सोय नसल्यानें आकारणी पिकावर व क्षेत्रावर. मग कमी पाणी वापरण्यांत कोणाचा काय लाभ? "आपण निवडून याल काय?" असें आम्हीं विचारलें. "नाहीं," ते शांतपणें म्हणाले, "पण ही गोष्ट प्रचारांत कोणीतरी काढली पाहिजे." १९५२ सालीं लोकसभेच्या ४८९ जागांपैकीं ३७ अपक्षांकडे गेल्या होत्या; २०२४ मध्यें ५४३ पैकीं ७. गृहस्थांचा हिशेब चुकीचा नव्हता.

घरांत गोष्ट निघतांच पुतण्या म्हणाला, "काका, सही तुम्ही कराल आणि बिल माझें अडेल." तो मोऱ्या व रस्ते बांधण्याचीं लहानसहान कंत्राटें घेतो, आणि आमच्या घरांत अकरा माणसें जेवतात. त्याच्या भीतीस भित्रेपणा म्हणण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. दादा म्हणाले, "तूं तटस्थ रहा. तुला तेंच शोभतें."

शब्दांशीं खेळण्याची खोड जात नाहीं. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. तो बुडत नाहीं हें खरें, पण पाणी किती खोल आहे हें त्यास विचारण्यांतही अर्थ नसतो. भारतीय युद्धाच्या वेळीं बलराम सरस्वतीच्या तीरानें तीर्थयात्रेस गेला. परंतु शेवटच्या दिवशीं गदायुद्ध पाहावयास परतला, आणि भीमाचा प्रहार पाहून नांगर उगारता झाला. युद्ध तोंवर संपलें होतें.

सौभाग्यवतींनीं फार बोलणें केलें नाहीं. "सही करावयाची तर आधीं मुलाला सांगा, त्याला फलकावरून कळूं नये," इतकेंच म्हणाल्या.

आम्हीं पुतण्यास बसवून सांगितलें. हस्तपत्रकावर आमचें नांव छापूं नये व सभेस बोलावूं नये अशा दोन अटी घालून तिसऱ्या दिवशीं सही केली. दहांतली एक सही खोटी ठरली तरी अर्ज बाद होऊं शकतो, म्हणून आम्हीं ती मतदारयादींतलें नांव पाहून, सावकाश केली.

४ जूनला निकाल लागला. अभियंत्यांस वैध मतांचा षष्ठांशही मिळाला नाहीं, अनामत गेली. पुतण्याचें एक बिल दिवाळीपर्यंत अडलें. कागदांत त्रुटि असल्याचें सांगण्यांत आलें; असेलही. त्यानें आम्हांस शब्दानें दुखविलें नाहीं, पण सकाळचें वर्तमानपत्र आमच्या खोलींत आणून ठेवण्याची त्याची रीत कांहीं महिने बंद होती.

दादा व आम्ही मतदानास एकाच रिक्षांतून गेलों होतों. अलीकडे जेवतांना ते मधूनच विचारतात, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यास यंदा पाणी मिळालें का. मत त्यांनीं कोणास दिलें हें त्यांनीं सांगितलेलें नाहीं, आणि आम्हींही विचारलेलें नाहीं.