कच्छच्या दारावरची पानं

मैत्रिणींनो, भुजला गेलात तर पांढरं रण पाहाच. पण वाटेतल्या खेड्यांतल्या घरांच्या दारांकडेही जरा नजर टाका. चौकटीवर भरतकामाचं कापडी तोरण दिसेल. त्याला खाली लोंबतात ती आंब्याची पानं! आपली दसऱ्याची पानं चार दिवसांत वाळतात. ही मात्र आईकडून लेकीकडे जातात.

एका घरी मी हावरटासारखी किंमत विचारली. बाई हसून म्हणाल्या, "बेन, आईनं दिलेलं कसं विकू?" मी अगदी ओशाळले. अडीअडचणीत अशी किती तोरणं पेटीतून बाजारात गेली असतील! १९६९ च्या दुष्काळात चंदाबेन श्रॉफ यांनी धाणेटी गावच्या बायकांना भरतकामाचंच काम दिलं, त्यातून 'श्रुजन' संस्था उभी राहिली. तिथलं नवं काम खुशाल विकत घ्या.

मी मात्र घरी येऊन आईचं विरलेलं इरकल काढलं. तुमच्याकडेही असेलच की एखादं! ३६ इंची दाराला नऊ पानं पुरतात. प्रत्येक पानासाठी ५ इंच रुंद, ७ इंच लांब असे दोन तुकडे पानाच्या आकारात कापा. सुलट बाजू आत ठेवून अर्धा इंच सोडून शिवा. वरची बाजू उघडी ठेवा. टोकाशी जादा कापड छाटा, उलटवून इस्त्री करा. दुमडलेल्या काठाच्या पट्टीत ओळीनं अडकवून वरून टीप मारा, झालं!

आता दारातून आत येताना आईचा पदर डोक्याला लागतो.