किल्लीच्या भोकातली माशी

2 फेब्रुवारी 2025, डिंडोली, सुरत

मुलानं ऑनलाइन मागवून दिलेलं माशीघर आलं. पाइनचा ठोकळा, ओळीनं पाडलेली भोकं आणि सोबत चिठ्ठी: सफरचंदाच्या बागेसाठी उत्तम. म्हणजे ऑस्मिया, मातीनं घर लिंपणारी एकांडी माशी. पण ती थंड मुलखातली. हिवाळ्याचा कडाका सोसल्याशिवाय तिची पुढची पिढी धड बाहेर पडत नाही, आणि सुरतेत आम्ही आतापासूनच पंखे लावून झोपतोय. तरी ठोकळा वळचणीखाली टांगला. भोकं कुणाच्याही कामी येतात.

23 फेब्रुवारी

मागच्या दाराच्या कुलपात किल्ली जाईना. भोक मातीनं लिंपलेलं. सासूबाई लांबूनच म्हणाल्या, "हाई कुंभारीन शे." त्यांच्या शिरपूरकडे कुंभारणीचं घर मोडत नाहीत, म्हणून आधी त्यांची परवानगी काढली आणि मग टाचणीनं कोरलं. कुंभारणीच्या मडक्यात बधिर केलेल्या अळ्या निघतात. ती गांधीलमाशीच्या गोतातली, पिल्लांना मांस घालणारी. इथे निघाला पिवळा, ओलसर परागाचा गोळा. म्हणजे ही मधमाश्यांच्या गोतातली.

पुस्तकात पाहिलं: मेगाकायली लनाटा. अंगावर तांबूस लव. 1775 मध्ये फाब्रिसियसनं तिला नाव दिलं आणि 1897 च्या बिंगहॅमच्या ग्रंथातही ती आहे. माणसाच्या सामानातून ती पार हवाई बेटांपर्यंत आणि फ्लोरिडापर्यंत पोचली. सुरतेत पोट भरायला आलेल्या आम्हा खानदेश्यांना यात नवल वाटू नये.

1 मार्च

सकाळी उशिरा फुललेल्या तुरीपाशी ती दिसली. साधी मधमाशी पराग मागच्या पायांना लावते, ही पोटाखाली. पोट पिवळंधम्मक, ओळखायला सोपी. तुरीच्या फुलाची खालची होडी दाबून उघडायला अशीच दणकट माशी लागते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेनं संकरित तूर काढली, त्या बियाण्याचं सगळं गणित अशा माश्यांवर उभं आहे: नरवंध्य झाडाला पराग माशीनं आणून दिला तरच शेंग धरते.

14 मार्च, धुळवड

ठोकळ्याकडे ती ढुंकून पाहत नाही. भोकं फारच उथळ, बोटाच्या दोन पेरांएवढी. विकायचं ते सुबक दिसायला हवं, एवढाच हिशेब असणार. ह्यांनी लूमवरून जुन्या प्लास्टिकच्या कांड्या आणल्या; त्याही नको म्हटलं. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि परागाला बुरशी धरते. व्याऱ्याकडच्या कोटवालिया टोपलीवाल्यांकडून बांबूचे बारीक तुकडे आणवले. आतून 6 ते 10 मिलिमीटर, वीतभर लांब, मागे पेराची गाठ शाबूत. जुडी बांधून पूर्वेच्या भिंतीला, छातीच्या उंचीवर घट्ट बसवली. वाऱ्यानं हलणारं घर तिला चालत नाही.

20 मार्च

आता अडलंय मातीवर. सुरत शहर स्वच्छतेत इंदूरबरोबर देशात पहिलं आलं, अभिमान आहेच. पण गल्लीत इथून तिथून पेव्हर ब्लॉक. चिखल शोधायला माशीनं जायचं कुठे? ह्यांनी नदीकाठून बादलीभर गाळ आणला. मी सासूबाईंना म्हटलं, तापीबरोबर खानदेशची माती आली. खरं तर उकाईचं धरण 1972 पासून तिकडची बरीच माती वरच अडवतंय. पण त्या इतक्या खूश झाल्या की पुढचं बोलले नाही. गाळ पसरट थाळ्यात, रोज पाण्याचा हबका मारून, सावलीत.

6 एप्रिल

तीन नळ्यांची तोंडं लिंपली गेली. आत एकामागे एक खोल्या: परागाचा गोळा, त्यावर अंडं, मग मातीची भिंत. मादीची अंडी तळाशी, नराची दाराजवळ. नर आधी बाहेर पडतात, म्हणून ही सोय. अंडं फलित केलं तर मादी, नाही तर नर. आई घालतानाच ठरवते. तिला ना राणी ना कामकरी. पोळं राखायचं नसल्यानं ती अंगावरही येत नाही. चिमटीत धरली तर मात्र चावेल-डसेल.

28 एप्रिल

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जायचंय. नळ्यांभोवती निळ्या-हिरव्या चकचकीत गांधीलमाश्या घिरट्या घालू लागल्यात. दिसायला दागिना, धंदा चोरीचा: दुसऱ्याच्या घरात अंडं घालायचं. त्यांना हाकलत बसले नाही. मुंग्यांना मात्र आडकाठी हवी. खिळ्यांना ग्रीस फासलं. थाळ्यात पाणी मारायचं काम शेजारच्या बेनकडे.

8 जून

बेनना आता त्यांच्या भिंतीलाही जुडी हवीय. दिवाळीनंतर त्यांची सुरती पापडी फुलते, शेंगा वाढतील हा हेतू. मी दोन अटी घातल्या. पापडी फुलावर असताना फवारणी नाही, आणि नळ्या दर वर्षी नव्या. जुन्यांत किडे आणि बुरशी साठते. दुसरी त्यांनी लगेच मान्य केली. पहिलीवर म्हणाल्या, "मावा पडला तर?" निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी माश्या परतल्यावर, इथवर बोलणी आलीत.