कारखान्यांच्या पट्ट्यातली मेंढरांची वाट

वाचकहो, पुण्याहून नाशिककडे जाण्याचा कधी योग आला, तर शनिवार साधा आणि चाकणला उतरा. भोसरी मागे टाकली, मोशीपाशी इंद्रायणी ओलांडली, की दोन्ही अंगांना कारखान्यांच्या भिंती सुरू होतात. नव्या कोऱ्या मोटारी लादलेली लांबलचक वाहने आपल्या एस.टी.ला पुढे जाऊ देत नाहीत. पण त्या गर्दीतून एकदा चाकणच्या मार्केट यार्डात पोचलात, की आपल्याच माणसांत आल्यासारखे वाटते. चाकण म्हटले की कांदा आठवतो. पण शनिवारचा जनावरांचा बाजारही पाहण्यासारखा. खिल्लारी बैल, म्हशी, संकरित गाई, आणि एका बाजूला शेळ्या-मेंढ्या. जनावर निरखणारी तीच पारखी नजर, तीच घासाघीस.

दिवाळीनंतर गेलात, तर बाजार आटोपून शिक्रापूरच्या रस्त्याने थोडे पुढे चला. बाजरी निघालेल्या एखाद्या मोकळ्या रानात धनगरांचा वाडा उतरलेला दिसेल. घोड्यावरून उतरवलेले बिऱ्हाड, तीन दगडांची चूल, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, आणि वाघरीत कोंडलेली काळी-करडी दख्खनी मेंढरे. मागे कारखान्याचे निळे पत्रे. ‘राम राम, बाबा. गाव कुठलं?’ असे विचारा. बहुधा पारनेर नाहीतर शिरूरकडचे गाव सांगतील, आणि कारभारीण चहाचे आधण ठेवील.

ही माणसे हौसेने फिरत नाहीत. त्यांचा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. तिथला पाऊस थोडा आणि तोही लहरी. एका जागी बसून शे-दोनशे मेंढरे जगवावीत एवढा चारा तिथल्या माळाला बारमाही फुटत नाही. म्हणून जिथे पाऊस पडला तिथे जायचे, हा त्यांचा जुना हिशेब. पावसाळ्यात आपल्या माळावर राहायचे, दिवाळीनंतर पीक निघालेल्या रानांतून पश्चिमेला सरकायचे, कित्येकांनी घाट उतरून कोकणात जायचे आणि मृगाच्या आत परतायचे. कोकणातला पाऊस मेंढीला सोसत नाही. ओल्या जमिनीत तिचे खूर सडतात, अंगावरची लोकर भिजून जड होते. दुष्काळी मुलखात जनावर राखण्याची युक्ती म्हणजे ही चाल. चाल थांबली, की कळप मोडला.

आता या चालीला दोन बाजूंनी अडचण आली आहे. पहिली वाटेची. पिंपरीला पेनिसिलीनचा सरकारी कारखाना 1954 मध्ये स्थापन झाला. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, 1982 मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि पुढे कारखाने चाकण ओलांडून निघोजे, महाळुंगे, सावरदरी, भांबोली या गावांच्या शिवारांत गेले. त्यात वाईट म्हणावे असे सगळेच नाही. आपल्याच घरांतली मुले तिथे कामाला जातात. पण गायराने आटली, माळाला कुंपणे पडली, पायवाटांचे हमरस्ते झाले. कळप रस्त्यावर आला, की पुढे एक माणूस लाल फडके धरून आणि मागे एक काठी घेऊन, असा जीव मुठीत धरून चालतो.

दुसरी अडचण आभाळाची. हवा एका अंशाने तापली, की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावते. त्यामुळे पाऊस लांबला तर लांबतो आणि आला तर कोसळतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. आपण ते डोळ्यांनी पाहिले आहे. डिसेंबर 2021च्या आरंभी, ऐन हिवाळ्यात, पुणे आणि नगर जिल्ह्यांत दिवसरात्र पाऊस लागला, वर बोचरे वारे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर या भागांत उघड्या रानात उभी असलेली शेकडो मेंढरे गारठून मेली. 2023 मध्ये पावसाने दगा दिला आणि शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, पुरंदर हे तालुके दुष्काळी जाहीर झाले. 2025 मध्ये उलटेच. एरवी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईला येणारे मोसमी वारे 26 मेलाच आले, म्हणजे मृग लागण्याच्या कितीतरी आधी. दिवस मोजून परतीची वाट धरणाऱ्याने आता कोणते पंचांग पाहावे?

हे दुखणे केवळ आपले नाही. आफ्रिकेत केनिया, इथिओपिया, सोमालिया या देशांत 2020च्या अखेरीपासून पाठोपाठ पाच पावसाळे वाया गेले आणि पशुपालकांची लाखो जनावरे मेली. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष कुरणांचे आणि पशुपालकांचे म्हणून ठरवले, ते उगीच नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही शेतकरी, आम्ही यात काय करणार? पुष्कळ करता येईल, आणि त्यात आपलाही लाभ आहे. शेणखतात नत्र सुमारे अर्धा टक्का, तर मेंढीच्या लेंडीत सुमारे तीन टक्के असते. शिवाय रात्रभराचे मूत्र जागच्या जागी मुरते. म्हणून मोकळ्या रानात चार रात्री वाडा बसवा. धान्य की पैसे, ते आधी मोकळेपणाने ठरवा. सकाळी कळप उठला, की हलकी कुळवणी करून खत मातीत मिसळा, म्हणजे ते उन्हात वाया जात नाही.

आभाळ भरून आले, तर वाड्याला काळ्या रानातून उठवून उंच, मुरमाड जागा दाखवा. गोठ्याची पडवी असेल तर निदान कोकरांना आणि गाभण मेंढ्यांना आत घ्या, वाऱ्याच्या अंगाला ताडपत्री बांधा, मूठ-मूठ कडबा टाका. उपाशी पोटी भिजलेले जनावर आधी मरते. आणि दुर्दैवाने मेंढरे दगावलीच, तर पुरण्याआधी तलाठी आणि जनावरांचे डॉक्टर यांना बोलावून पंचनामा करून घ्यायला सांगा. परमुलखातल्या मेंढपाळाला तिथले कोणी ओळखत नाही. त्याच्यासाठी गावातल्या एका माणसाचा शब्द मोलाचा असतो.

माताभगिनींनाही एक सांगणे आहे. वाड्यावरच्या बाईला हंडाभर पाणी भरू द्या. तिची लेकरे शाळेच्या दिवसांत तुमच्या गावात असली, तर आपल्या शाळेतल्या गुरुजींच्या कानावर घाला.

परतताना चाकणचा भुईकोट किल्लाही पाहून या. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी शाएस्तेखानाच्या फौजेपुढे तो जवळजवळ दोन महिने झुंजवला. आज त्याच चाकणच्या शिवारात, कारखान्याच्या भिंतीला लागून, आणखी कोणी झुंजतो आहे. त्याला तट नाही, दारूगोळा नाही. एक काठी, एक कुत्रे आणि खांद्यावर घोंगडी. पुढच्या दिवाळीनंतर तो तुमच्या बांधावर येईल. ‘रान मोकळं हाय का, पाटील?’ असे विचारील. रान मोकळे असेल, तर नाही म्हणू नका.