रिकामा रकाना

1.
व्हिसा नव्वद दिवसांचा. श.ने नोकरी सोडलेली, मी वर्षभराच्या बिनपगारी रजेवर. म्हणजे माझ्या रिकामपणाला परतीची तारीख आहे, त्याच्या नाही. विमानातल्या जागा मात्र शेजारी शेजारी.

2.
टोकियो. पहिल्या हॉटेलच्या नोंदवहीत 'व्यवसाय' असा रकाना. मी 'शिक्षिका' लिहून मोकळी झाले. श. पेन हातात धरून उभा. काउंटरमागच्या मुलीला वाटलं पेन चालत नाही. तिने दुसरं दिलं.

3.
खोली बारा चौरस मीटर. दोन बॅगा एकदम उघडत नाहीत. विषम तारखांना माझी, सम तारखांना त्याची. एकतीस तारखेनंतर पहिली आली की माझी चांदी.

4.
नाशिकहून सासूबाईंचा फोन.
"सुट्टी किती दिवसांची रे?"
"सुट्टी नाही गं आई, ब्रेक घेतलाय."
"म्हणजे काय मोडलंय?"

5.
असाकुसाजवळ, सुमिदा नदीकाठच्या टेकाडावर माट्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. देव कांगितेन, म्हणजे आपला विनायक. जपानात तो बहुधा जोडीने असतो: दोन गजमुखं, एकमेकांना मिठी मारून उभी. मूर्ती कोणाला दाखवत नाहीत, दाराआडच ठेवतात. नैवेद्य मुळ्याचा. हातभर लांब, पांढराफेक, देवळातच विकत मिळतो. जिकडे बघावं तिकडे मुळे कोरलेले, तेही एकमेकांत अडकवलेले दोन-दोन. नवरा-बायकोचं पटावं म्हणून इथे साकडं घालतात. आम्ही दोघांत मिळून एक मुळा वाहिला.

आईंना कळवलं. त्या बराच वेळ गप्प. मग, "पानांसकट होता ना?"

6.
रस्त्यात एक खड्डा. खणणारा एक, पादचाऱ्यांना वाट दाखवणारे तीन. तिघांच्या हातात दिव्याच्या कांड्या, तिघेही साठीच्या पुढचे, तिघेही आम्हाला वाकून 'तसदीबद्दल माफ करा' म्हणाले. खणणाऱ्याने मान वर केली नाही.

पुण्यात खड्डा एकटा असतो.

7.
रेल्वेचा सात दिवसांचा पास 2023च्या ऑक्टोबरात 29,650 येनांवरून 50,000वर गेला. येनला साठ पैसे धरा आणि गुणाकार करा. आम्ही केला आणि बसने क्योटोला गेलो. रात्रभर. श.चे गुडघे अजून त्याबद्दल बोलतात.

8.
क्योटो. गिओनमध्ये एका जुन्या दुकानात 'सेइजो कांकिदान' मिळतं. तोंडाशी चुण्या घालून बांधलेली, तिळाच्या तेलात तळलेली पुरचुंडी. मूळ मोदकाचं, बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंच्या सामानातून आलेलं. आत लाल कडधान्याचं गोड पुरण आणि त्यात मसाल्यांचा धुपासारखा वास. पहिला घास खाताना देवघरात बसून तळणीचा मोदक खाल्ल्यासारखं वाटतं. दुसऱ्या घासाला देवघरच खाल्ल्यासारखं.

इथे मोदक क्योटोत, मुळा टोकियोत. एवढं चालायचंच.

9.
श. मासे खात नाही. जपानात मासा दिसत नाही तिथेही असतो: सूपमध्ये, सॉसमध्ये, भाजीत, ऑम्लेटमध्ये. त्याचं नाव दाशी. श. जपानीतलं पहिलं पूर्ण वाक्य शिकला: "यात दाशी आहे का?" उत्तर नेहमी हसून आणि नेहमी 'हो'.

मी मासे खाते. त्याने परत केलेलं सगळं मी खाल्लं. तीन किलो वाढले.

10.
पुण्याहून आणलेलं मेतकूट. इथला चिकट भात थेट गुरगुट्या भाताच्या गावचा. बिझनेस हॉटेलच्या नाश्त्याला मी डबी उघडली, तर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वास घेतला आणि खात्रीने म्हणाल्या, "फुरिकाके." भातावर भुरभुरवायची जी काही पूड असते तिला इथे हाच शब्द आहे. मी चिमूटभर दिलं. त्यांनी कागदात पुडी बांधून पर्समध्ये ठेवलं. खाल्लं नाही. नवऱ्यासाठी, म्हणाल्या.

11.
जपानी लिपीची बाराखडी: आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. म्हणून बघा. क-वर्ग, त-वर्ग, मग ओठांवरचे, शेवटी य-र-व. संस्कृत शिकलेल्या भिक्षूंनी लावून दिलेला क्रम. मधले काही वर्ण गळाले, पण रांग मोडलेली नाही.

जपान्यांची रांग मोडत नाही हे तेव्हापासूनचं असावं.

12.
कोयासान. देवदारासारख्या सुगी वृक्षांतून दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना दोन लाखांवर समाध्या. वाटेच्या टोकाला इथले आद्य गुरू कूकाई, ऊर्फ कोबो दाइशी. 835 सालापासून ते ध्यानस्थ आहेत, गेलेले नाहीत असं मानतात, म्हणून रोज दोनदा त्यांना जेवण नेतात. सकाळी सहाला आणि साडेदहाला. आम्ही साडेदहाचं बघितलं. पिवळ्या वस्त्रातले भिक्षू, पांढरी लाकडी पेटी, कोणाच्या चेहऱ्यावर काही विशेष नाही. डबा पोचवायचा आहे, एवढंच.

मला आळंदी आठवली. श.ला डबेवाले.

13.
समाधीच्या दगडांवर खालून वर पाच अक्षरं. मी थांबून लावली: अ, व, र, ह, ख. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. लिपी सिद्धम्, देवनागरीची दूरची मावशी. 'र' ओळखू आला तेव्हा गर्दीत गाववाला भेटल्यासारखं झालं.

इथे 'अ'चं ध्यान करतात. समोर चित्र टांगतात, त्यात कमळ, चंद्रबिंब आणि एकच अक्षर: अ. आपण 'अ अननसाचा' म्हणून पुढे गेलो. हे बाराशे वर्षं तिथेच बसलेत.

14.
याच वाटेवर वाळवीचं स्मारक आहे. कीटकनाशकवाल्यांनी बांधलेलं. 'वाळव्यांनो, शांत झोपा.'

15.
कोयासानच्या विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. 2015च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी, देवेंद्र फडणवीसांनी, अनावरण केलं. पुतळ्यासमोर आम्ही दोघेच. सायकलवरून जाणारा एक विद्यार्थी उतरला, पुतळ्याला वाकला, आम्हाला वाकला, गेला.

उलट दिशेची वाहतूकही आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीशी ज्यांचं नाव जोडलं गेलं ते भदंत सुरेई ससाई मूळचे ओकायामा प्रांतातले.

16.
देवळात मुक्काम. रात्रीचं जेवण निखळ शाकाहारी: तिळाचा टोफू, गोठवून वाळवलेला टोफू, रानभाज्या. श.ने एकही प्रश्न न विचारता ताट संपवलं. त्याच्या शेजारी मी, मोजून तेवढंच. वाळवलेला टोफू रस पिऊन फुगलेल्या स्पंजासारखा लागतो. त्याने माझाही खाल्ला.

पहाटे होम. इथे त्याला 'गोमा' म्हणतात. तूप सोडून सगळं ओळखीचं.

17.
कंपन्यांच्याही समाध्या आहेत. नोकरीत असताना गेलेल्यांसाठी कंपनीने बांधलेल्या. एकीवर तर खरोखरीचं वाटावं असं रॉकेट. बऱ्याच ठिकाणी दगडाची छोटी पेटी असते, टपालपेटीसारखी फट असलेली. मला वाटलं दानपेटी. ती व्हिजिटिंग कार्डांसाठी. भेटीला आलेल्याने कार्ड टाकून जायचं.

श.ने पाकीट काढलं. आतल्या कप्प्यात जुन्या कंपनीचं एक कार्ड अजून होतं, कोपरे मऊ पडलेलं. नाव, हुद्दा, हिंजवडी. तो एका पेटीसमोर उभा राहिला. कंपनी रंगाची की कॉफीची, आठवत नाही. मी पुढे चालू लागले. टाकलं का ते विचारलं नाही.

18.
वाकायामाहून तोकुशिमाला फेरीबोट, दोन तास. शिकोकू बेटावर अठ्ठ्याऐंशी देवळांची प्रदक्षिणा, साधारण बाराशे किलोमीटर. आम्ही पहिली पाच देवळं केली, अकरा किलोमीटर. वारीला जाऊन हडपसरहून परत येणाऱ्यांतले आम्ही.

19.
यात्रेकरूच्या टोपीवर 'दोघे बरोबर वाटचाल करतात' असं लिहिलेलं असतं. एकट्या माणसाच्या टोपीवरही. दुसरे म्हणजे कोबो दाइशी. म्हणजे आम्ही किती?
मी म्हटलं, चार.
श. म्हणाला, तीन. एकच दाइशी दोघांना पुरतील.
यावरून तिसऱ्या देवळापर्यंत बोलणं नाही.

20.
हातातली काठी म्हणजेच दाइशी. त्यामुळे मुक्कामी पोचल्यावर आपल्या आधी काठीचे पाय धुवायचे. पुलावर काठी टेकवायची नाही, कारण दाइशी एकदा पुलाखाली झोपले होते, न जाणो आजही असतील. श. पुलांवर काठी कडेवर घेऊन चालला.

21.
वाटेत एका आजींनी दोन मोठी आंबट संत्री दिली. याला ओसेत्ताई म्हणतात. नाही म्हणायचं नसतं. बदल्यात आपल्या नावाची चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीचे रंग फेऱ्यांवर: पहिल्या चार फेऱ्यांना पांढरी, पुढे हिरवी, लाल, चंदेरी, सोनेरी. शंभराच्या पुढे जरीची. विमान कंपन्यांनी हे कुठून घेतलं ते कळलं.

22.
इया खोऱ्यातलं नागोरो. माणसांपेक्षा बाहुले जास्त. गेलेल्यांच्या, गाव सोडलेल्यांच्या जागी कापडी माणसं. शाळा 2012मध्ये बंद झाली, वर्गात आता बाहुलेच बसतात.

श.ने बसथांब्यावरच्या आजोबांना नमस्कार केला. बाहुला. शेतातल्या बाहुल्याचा मी फोटो काढला. माणूस.

23.
गरम पाण्याच्या झऱ्यावरचं घरगुती हॉटेल. सुती किमोनो घालून जेवायला या, म्हणाले. डावा पदर वर घ्यायचा. उजवा वर फक्त प्रेताचा. श.ने उजवा घेतलेला. मालकीणबाई ताटं घेऊन आल्या, ताटं खाली ठेवली, गुडघ्यांवर बसल्या आणि एक अक्षर न बोलता त्याचे पदर बदलले. आधी जिवंत केलं, मग वाढलं.

24.
त्या आपल्या नवऱ्याला 'ओतोसान' म्हणतात. म्हणजे 'बाबा'. मुलं झाली की असं चालतं. माझी आई चाळीस वर्षं 'अहो' म्हणते आहे. एवढे लोक, एवढी वर्षं, नाव कोणीच घेत नाही.

25.
न्हाणीघरं वेगवेगळी, पुरुषांचा पडदा निळा, बायकांचा लाल. आणि रात्रीतून अदलाबदल, म्हणजे दोन्हीकडची दरी सगळ्यांना बघायला मिळते. श.ला हे माहीत नव्हतं. पहाटे पडद्याचा रंग त्याच्या लक्षात आला हे दाइशींचे उपकार. तीन म्हणा, चार म्हणा.

सात वाजता बाहेर भेटायचं ठरलं होतं. मी सात वीसला आले. तो बाकावर बसलेला, केस ओले, हातात काचेची दुधाची बाटली, दुसरी माझ्यासाठी न उघडता ठेवलेली. गेल्या दोन महिन्यांत आम्ही एकमेकांपासून वीस मिनिटं लांब असण्याची ही पहिली वेळ. काय बोलावं दोघांनाही सुचेना.

26.
रोज संध्याकाळी पाचला गावच्या भोंग्यांवर बालगीताची धून वाजते. भूकंप-पुराची सूचना देणारे भोंगे चालू आहेत ना, हे तपासायला. खेळणारी मुलं घरी जातात. श. घड्याळ बघतो.

27.
लोकलचा ड्रायव्हर केबिनमध्ये एकटा. तरी पांढऱ्या हातमोज्यातलं बोट सिग्नलकडे रोखतो आणि मोठ्याने म्हणतो, 'निघा'. मग वेळापत्रकाकडे बोट, वेगाच्या काट्याकडे बोट, प्रत्येकाचं नाव घेऊन, पुढे 'योशी', म्हणजे 'ठीक'. डोळ्याने बघितलेलं मनाने निसटू नये म्हणून.

आम्ही खोली सोडताना सुरू केलं. पासपोर्ट, योशी! चार्जर, योशी! चष्मा... चष्मा बाथरूममध्ये होता. पद्धत चालते.

28.
शिकोकूत पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतो. त्याचं नाव 'आलुबुखाराचा पाऊस', कारण तेव्हा त्या जातीचं फळ पिकतं. आईंचा फोन: "आज मृग लागला. छत्री आहे का?" कोपऱ्यावरच्या दुकानातली, पारदर्शक. तिसरी. पहिल्या दोन ट्रेनमध्ये राहिल्या. छत्री, योशी! यादीत नव्हतं.

29.
हिरोशिमा. 6 ऑगस्टला बॉम्ब. 9 ऑगस्टला ट्रामचा एक तुकडा परत सुरू. त्या वेळच्या गाड्यांतली 651 नंबरची अजून सकाळच्या गर्दीला धावते. आमच्या समोरून गेली. आत शाळेची मुलं उभ्या उभ्या पेंगत होती.

30.
संग्रहालयातून बाहेर आल्यावर दोन तास आम्ही भांडलो नाही.

31.
परत टोकियो. नोंदवही, तोच रकाना. श.ने आडवी रेघ ओढली आणि वही पुढे सरकवली. मुलीने बघितलं, वाकली, किल्ली दिली. माझ्या 'शिक्षिका'वर तिने विचारलं, "कोणता विषय?" भूगोल, म्हटलं. ती खूप हसली. का ते कळलं नाही.

32.
विमानतळाकडची गाडी सात मिनिटं उशिरा. स्टेशनच्या दाराशी गणवेशातला एक कर्मचारी वाकून चिठ्ठ्या वाटत होता: गाडी उशिरा आल्याचं प्रमाणपत्र. साहेबाला दाखवायला. सगळ्यांनी घेतली. श.नेही घेतली.

"कोणाला दाखवणार?"

त्याने घडी घालून पाकिटात ठेवली. आतल्या कप्प्यात. कप्पा रिकामाच होता.