चिकटणं आणि अडवणं

नुसत्या चिकटण्यावर माझा विश्वास नाही. प्रतिपिंड चिकटतो का हे पाहणाऱ्या एलायझा चाचणीच्या प्लेटमध्ये शेवटी आम्ल टाकलं, की निळा रंग झटकन पिवळा होतो. पिवळा गडद, म्हणजे प्रतिपिंड विषाला धरून बसला. रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये नवीन आलेली मुलं तो पिवळा पाहून हरखतात. मी विचारते, "चिकटला, पण अडवतो का?"

आमचं लक्ष्य सी-डिफ, म्हणजे क्लॉस्ट्रिडिओइडीस डिफिसिल. अँटिबायोटिक्सनी आतड्यातले नेहमीचे जीवाणू मारले, की हा डोकं वर काढतो. त्याची दोन विषं, ए आणि बी, आतड्याच्या पेशीत शिरून रो नावाच्या प्रथिनांना ग्लुकोज जोडतात. पेशीचा आतला सांगाडा ढासळतो, पेशीपेशींमधले सांधे सुटतात, जुलाब सुरू होतात. पुन्हा अँटिबायोटिक द्यावं, तर उरलेसुरले चांगले जीवाणूही जातात. म्हणून विंचवाला न मारता आम्ही त्याची नांगी धरायला बघतो.

हा विचार जुना आहे. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्येच दाखवलं होतं, की विष टोचलेल्या प्राण्याचा सीरम दुसऱ्याला त्या विषापासून वाचवतो. आपल्या परळच्या हाफकिननं घोड्यांच्या रक्तातून धनुर्वाताचं आणि सापाचं प्रतिविष करून कितीतरी जीव वाचवले. आमच्या कामाची वंशावळ मी तिथूनच सांगते.

त्या प्रतिविषांत आणि आमच्या रेणूंत फरक आकाराचा. पूर्ण प्रतिपिंड दीडशे किलोडाल्टनचा. १९९३ मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांनी उंटाच्या रक्तात हलकी साखळीच नसलेले प्रतिपिंड असल्याचं जाहीर केलं. त्यांचं फक्त टोक कापून घेतलं, तरी ते एकटं विष धरतं. वजन साधारण पंधरा किलोडाल्टन. हीच नॅनोबॉडी. ती साध्या ई-कोलायमध्ये बनते, खर्च कमी येतो. रक्तात दिली तर मूत्रपिंडं तिला लवकर गाळून टाकतात, पण आपलं विष आतड्याच्या पोकळीत आहे. तोंडावाटे देता आली, तर रक्तात जायचं कारणच नाही.

खरी परीक्षा पेशींवर होते. त्यासाठी लॅबमध्ये वाढवलेल्या व्हेरो पेशी एकमेकींना कडा लावून सपाट पसरलेल्या असतात. विष घालून रात्रभर ठेवल्या, की सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली त्या आखडून गोल झालेल्या, तळापासून सुटायला आलेल्या दिसतात. आमच्या नॅनोबॉडींपैकी एका क्लोननं एलायझाची प्लेट सर्वांत गडद पिवळी केली होती. त्याच्या खोबणीतल्या पेशी झाडून सगळ्या गोल. तो विषाच्या निरुपयोगी बाजूला चिकटला होता. फिक्या पिवळ्या क्लोनच्या खोबणीत पेशी सपाट, कडा शाबूत. मला तोच हवा होता. पुढे वेगळी जागा धरणारी दुसरी नॅनोबॉडी त्याला ग्लायसिन-सेरीनच्या लवचिक दुव्यानं जोडली, तेव्हा कितीतरी कमी मात्रेत काम भागलं.

बेझ्लोटॉक्सुमॅब हा विष-बीविरुद्धचा पूर्ण प्रतिपिंड अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाला. शिरेतून द्यायचा, महाग, पण आजार उलटण्याचं प्रमाण त्यानं खरंच कमी होत होतं. २०२५ च्या सुरुवातीला कंपनीनं तो बंद केला. मला याचं फार वाईट वाटतं. चालणारं औषध बाजारातून गेलं, आजार काही गेला नाही. म्हणून स्वस्त, पोटात घेता येईल असा रेणू करण्याचा माझा हट्ट आहे.

सध्या अडलंय ते ट्रिप्सिनपाशी. लायसिन किंवा आर्जिनिन हे अमिनो आम्ल उघडं दिसलं, की हे आतड्यातलं विकर तिथेच कापतं. दोन लायसिन आम्ही बदलले; रेणू जास्त टिकू लागला, पेशीही सपाट राहिल्या. तिसरा मात्र नेमका विषाला टेकणाऱ्या लूपमध्ये आहे. त्याला हात लावला की पकड सुटते. आता त्याला तसाच ठेवून शेजारचं अमिनो आम्ल बदलायचं, म्हणजे ट्रिप्सिनला तिथे बसायला जागा मिळणार नाही. त्या बदलासाठी लागणारे डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, मागवले आहेत.