ऑक्टोबरचे ऊन आणि माळावरची हरणे

कुर्डुवाडी म्हटले की आपल्या माणसांना रेल्वे आठवते. 1897 साली येथून बार्शीला छोटी गाडी सुरू झाली, तेव्हा या स्टेशनाचे नाव बार्शी रोड होते. आता ती गाडी गेली, रूळ रुंद झाले. पण गाव मागे टाकले की माळ लागतो आणि त्या माळावर हरणे आहेत.

ती पाहायची तर बार्शीवरून सोलापूरच्या रस्त्याने नान्नजला जावे. माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली अभयारण्य झाले, त्यात आपल्या माढा तालुक्याचाही भाग होता. माळढोक आता दिसेनासा झाला. काळविटांचे कळप मात्र आहेत.

आम्ही गेलो ते ऑक्टोबरात. पाऊस परतलेला, वारा पडलेला, अंगाची नुसती काहिली. दुपारी माळावर एक हरीण दिसेना. सोबतचे पारधी समाजातील म्हातारे बाबा हसले. म्हणाले, "आत्ता कशी दिसतील? ऊन कलू द्या."

त्यांच्या वाडवडिलांचा धंदाच फासे लावण्याचा. ते सांगू लागले. थंडीत हरीण दिवसभर चरते. ऑक्टोबरच्या उन्हात ते पहाटे आणि सांजेला चरते, दुपारी झुडपाच्या सावलीला बसते. ओढे आटू लागले की पाण्याची वाट ठरून जाते. त्यातच रब्बीची ज्वारी उगवलेली असते. कोवळ्या कोंबांसाठी कळप पहाटेच शेतात उतरतो. म्हणजे हरीण कुठे, किती वाजता येणार हे ऊनच सांगते! शिकाऱ्याचे काम सोपे होते. पण त्याच उन्हात मांस लगेच नासते. म्हणून पूर्वी शिकार झाली की ताबडतोब वाटे घालीत.

सांजेला बाबांचे बोलणे खरे ठरले. वीस-पंचवीस हरणे बाहेर आली, मागे पीळदार शिंगांचा काळा नर. बाबा बराच वेळ पाहत राहिले. "पोटासाठी केलं," एवढेच म्हणाले.

1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारण्याची वाट काढली. पारधीही त्यातून सुटले नाहीत. तो कायदा 1952 साली गेला, संशय मात्र गेला नाही. राजे-साहेबांची शिकार म्हणजे शौक आणि गरिबाची म्हणजे चोरी, असाच न्याय होता. सम्राट अशोकाने मात्र सुरुवात स्वतःपासून केली. राजांच्या शिकारीच्या सहली सोडून आपण धम्मयात्रा सुरू केली, असे त्याने आठव्या शिलालेखात कोरविले. त्याचा तुकडा आपल्या सोपाऱ्याला 1882 साली सापडला.

बंधू-भगिनींनो, 1972 च्या वन्यजीव कायद्याने काळविटाची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. शिक्षा 3 ते 7 वर्षांची. चार घासांसाठी घरातला कमावता माणूस तुरुंगात गेला तर लेकरांनी काय करावे? हरणांनी ज्वारी खाल्ली तर फास लावू नका. वनखात्याकडे अर्ज करा, पंचनामा करून घ्या, भरपाई मागा. तो आपला हक्क आहे. आणि रानात उघडी विहीर असेल तर तिला कठडा बांधा. सांजेला पळणारे हरीण तिच्यात पडते, आणि आपले लेकरूही पडू शकते.

निघताना बाबांनी नातवाला पाण्याची वाट दाखवली. म्हणाले, "इथं बसायचं. पण नुसतं बघायला."