वाहत्या कानाची सवय

प्रिय मैत्रिणी,

पावसाळा लागला की आमच्या घाटाखालच्या ओपीडीत वाहत्या कानांची गर्दी होते. विहिरीतलं पोहणं, सर्दी, दमट हवा. पडद्याला जुनं भोक असलं की एवढं पुरतं. लेकरांना आया घेऊन येतात. मोठी माणसं मात्र कानासाठी येतच नाहीत. येतात बीपीच्या गोळीसाठी, आणि बोलता बोलता पदराचं टोक कानाशी जातं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही जी मॅडम, लहानपणापासून वाह्यते."

हे 'लहानपणापासून' ऐकलं की माझा जीव तुटतो. इतकी वर्षं त्या बाईला ऐकू कमी येतंय आणि घरातले म्हणतात, मुद्दाम ऐकत नाही.

नांदुऱ्याच्या काकांच्या वाहत्या कानाबद्दल तू लिहिलंस, म्हणून सविस्तर सांगते. कानात पाहताना मी आधी भोक कुठे आहे ते शोधते. पडद्याच्या मधल्या, ताणलेल्या भागात असेल, कडा शाबूत असतील, स्राव पातळ आणि बिनवासाचा असेल, तर हाताशी वेळ असतो. पण वरच्या कोपऱ्यात खळगा, त्यात पांढरे पापुद्रे आणि कुजकट वास असला तर मला कोलेस्टिएटोमाची शंका येते. त्यात त्वचेचा थर आत वाढत जातो आणि कानाची बारीक हाडं पोखरतो. पुढे चेहऱ्याच्या नसेपर्यंत, मेंदूच्या आवरणापर्यंतही पोचतो. बरेचदा दुखत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. थेंबांनी तो जात नाही, शस्त्रक्रियाच लागते. गरगरणं, तोंड वाकडं होणं, कानामागे सूज, तापासोबत जोराची डोकेदुखी, यातलं काहीही दिसलं तर मी दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. १०८ बोलावते.

साध्या भोकाला आधी कान कोरडा करावा लागतो. स्वच्छ कापसाची वात करून स्राव टिपायचा, मग सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब. बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची, गार थेंबांनी भोवळ येते. जेंटामायसिन, निओमायसिनचे थेंब मी भोक असलेल्या कानात टाळते, त्यांनी आतल्या कानाला इजा होऊ शकते. आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस. लसूण घालून गरम केलेलं तेल, रुईचा रस, काडेपेटीची काडी, सगळं बंद.

कान कोरडा झाला तरी मी मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी देतेच, कारण भोक तिथेच असतं आणि पुढच्या सर्दीत कान पुन्हा वाहतो. ऐकण्याची तपासणी हवी, पडदा बसवता येतो का तेही पाहायला हवं; त्यासाठी कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण वापरतात. खामगावचं सामान्य रुग्णालय आहे, पुढे अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बुलढाण्यातही २०२४ पासून असं महाविद्यालय सुरू झालंय. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम तर २००७ पासून आहे. तरी चिठ्ठी खिशातच राहते. मजुरी बुडते, सोबत यायला कोणी नसतं, सोयाबीन काढणीला आलेलं असतं. म्हणून आता मी आधी शेतीचं विचारते. तातडी नसेल तर हरभरा घरात आल्यानंतरची तारीख सुचवते, आणि घरातल्या एकाला समोर बसवून सांगते की ऑपरेशननंतर काही आठवडे ओझं उचलायचं नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही. तारीख शेतीत बसली की माणसं जातात, हे मी पाहिलंय.

काकांना मात्र वास येतोय असं तू लिहिलंस, त्यांना हरभऱ्यापर्यंत थांबवू नकोस. मधुमेहही आहे, म्हणजे कान दुखायला लागला तर अजिबात वेळ घालवायचा नाही. रविवारी त्यांना फोन कर, रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्यायला सांग, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारू दे. माझं ते ऐकायचे नाहीत, तुझं ऐकतील. याच आठवड्यात पाठव.

तुझीच